शंकेला मांडलेला पाट

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाई बँकेत नोकरीला आहेत. रात्री घरचं सगळं आवरून झालं की अंथरुणात पडून त्या अंधाऱ्या, घुसमटीच्या, मनाच्या तळाशी उतरणाऱ्या रहस्यकथा वाचतात. भुताच्या गोष्टी त्यांना फारशा धरत नाहीत आणि पोलीस, पुरावे, ठसे असलेल्या खूनकथा वाचून झाल्या की दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत. पण एखाद्या घरात काहीतरी बिनसलंय, नक्की काय ते कळत नाही, आणि जो माणूस गोष्ट सांगतोय त्याच्यावरही पुरता भरवसा ठेवता येत नाही, अशी कथा हाती लागली की त्यांना पहाट होते. यजमान म्हणतात, ‘दिवसभर डोक्याला ताप कमी असतो, म्हणून रात्री विकतचा आणतेस?’ तर हे असलं का आवडतं, त्यानं मनाला काही अपाय होतो का, आणि स्वतः अशी कथा लिहायला घेतलीय ती उभी का राहत नाही, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. सोबत कथेचं पहिलं पान दिलंय.

मी गेली चोवीस वर्षं दिवाळी अंकांसाठी कथा निवडते, लेखकांबरोबर बसून त्यांवर काम करते आणि अधूनमधून स्वतःही गूढकथा लिहिते. दरवर्षी पावसाळ्यात माझ्या टेबलावर जो कथांचा ढीग येतो, त्यात गूढकथांचा गठ्ठा सगळ्यांत जाड असतो. त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच आहे.

अशा कथा का आवडतात, याची दोन कारणं लोक लगेच सांगतात. एक थरार आणि दुसरं उत्सुकता. दोन्ही खरीच आहेत, पण ती तुम्हाला न आवडणाऱ्या खूनकथांनाही लागू पडतात. तुमच्या आवडीचं कारण तुमच्याच प्रश्नात दडलंय: ‘काहीतरी बिनसलंय, पण नक्की काय ते कळत नाही.’ या भावनेला आपल्याकडे साधं नाव आहे, शंका. आणि रोजच्या जगण्यात तिला आपण उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. ‘उगाच शंका काढू नकोस’, ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’, ‘मन चिंती ते वैरीही न चिंती’. शंका घेणाऱ्याला आपण शंकेखोर म्हणतो, बाई असेल तर डोक्यावर परिणाम झालाय म्हणून मोकळे होतो. या कथा नेमकं उलटं करतात. शंका दारात आली की तिला पाट मांडतात, पाणी देतात आणि तिचं सगळं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतात. माझ्या मते त्यांची ओढ इथे आहे. अंधार, धुकं, जुनी घरं हा सगळा नंतरचा साज.

आपल्या जुन्या काव्यशास्त्राला ही गोष्ट चांगली ठाऊक होती. भरताच्या नाट्यशास्त्रात भय हा स्थायी भाव आहे, भयानक रसाचं मूळ. शंका मात्र 33 व्यभिचारी भावांमध्ये मोडते, म्हणजे येऊन जाणारी, फार वेळ न टिकणारी. तिची लक्षणंही दिली आहेत: पुन्हा पुन्हा इकडेतिकडे पाहणं, तोंडाला कोरड पडणं, ओठांवरून जीभ फिरवणं, चेहऱ्याचा रंग उतरणं. तुम्ही ज्या कथा वाचता त्यांची रचना मला या चौकटीतून फार स्वच्छ दिसते. भुताच्या गोष्टीत शंका येते आणि लवकरच तिचं भय होतं. तपासकथेत शंका येते आणि तिचं उत्तर होतं. तुमच्या आवडत्या कथेत शंका येते आणि मुक्कामच करते. पाहुणी म्हणून आलेली बाई घरातलीच होऊन बसते, आणि दोन-तीनशे पानं आपण तिच्यासोबत राहतो.

मग त्यात सुख कसलं? याचं उत्तर देताना मला अभिनवगुप्त आठवतो. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये नाट्यशास्त्रावर भाष्य लिहिताना भयानक रस समजावून सांगायला त्याने ‘शाकुंतला’तलं हरीण निवडलं. दुष्यंताचा रथ मागे लागलेला आहे आणि ते पळतंय. मान वळवून वळवून मागे रथाकडे बघतंय. बाण लागेल या धास्तीने त्याचं मागचं अंग पुढच्या अंगात शिरल्यासारखं आकसलंय. दमून तोंड उघडं पडलंय आणि अर्धवट चघळलेलं दर्भाचं गवत वाटेवर गळत चाललंय. तो अर्धा घास पाहा. भीती लागण्याच्या क्षणाआधी ते निवांत चरत होतं, हे कालिदासाने वेगळं सांगितलेलं नाही, गवताच्या काड्यांनीच सांगितलं. अभिनवगुप्ताचं म्हणणं असं की हे वाचताना ‘मी भ्यालोय’, ‘तो भ्यालाय’ असं काही उरत नाही. प्रत्यक्षात भीती वाटली की आपण पळायला बघतो, दुसरा घाबरला की त्याला वाचवायला बघतो किंवा मजा घेतो. इथे यांतलं काहीच करायचं नसतं. देशकाळाची बंधनं गळून पडलेली नुसती भीती उरते, जणू डोळ्यांसमोर वावरणारी, सरळ हृदयात शिरणारी, आणि तिचा आस्वाद घेता येतो. विकतचा ताप आणि घरचा ताप यांतला फरक तुमच्या यजमानांना सांगायचा असेल तर हे हरीण दाखवा.

आता या प्रकारच्या कथांचं यंत्र आतून कसं चालतं ते एका नाटकावरून सांगते. पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज लेखकाचं ‘गॅस लाइट’ हे नाटक 1938 साली आलं. काळ व्हिक्टोरिया राणीचा, जागा लंडनमधलं एक घर. नवरा रोज रात्री बाहेर जातो. तो गेल्यावर थोड्या वेळाने खोलीतला गॅसचा दिवा आपोआप मंद होतो आणि तो परतायच्या थोडं आधी पुन्हा नीट पेटतो. वर बंद असलेल्या मजल्यावर पावलं वाजल्यासारखी वाटतात. भिंतीवरचं चित्र नाहीसं होतं आणि नवरा म्हणतो, तूच काढून लपवलंस, तुला आठवत नाही, तुझं डोकं ठिकाणावर नाही. खरी गोष्ट अशी की नवरा लांब कुठे जातच नसतो. शेजारच्या रिकाम्या घरावरून तो आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावर उतरतो आणि तिथे लपवलेले माणिक शोधतो. शोधायला उजेड हवा म्हणून तो वरचा गॅस पेटवतो आणि त्याबरोबर खालचा दिवा मंदावतो.

चाळीत किंवा जुन्या इमारतीत राहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सकाळी नळाला पाणी असतं, खालच्या बिऱ्हाडाने नळ सोडला की वरच्याची धार करंगळीएवढी होते. धार बारीक झाली म्हणजे कुठेतरी कुणीतरी नळ सोडलाय. हे विज्ञान नाटकातल्या त्या बायकोच्या डोळ्यांसमोर रोज घडतंय. तिने बरोबर पाहिलंय. तिचं निरीक्षण घरातल्या सगळ्यांपेक्षा अचूक आहे. आणि त्याच निरीक्षणावरून तिला वेडी ठरवलं जातंय. नाटकातला माझा सगळ्यांत आवडता क्षण म्हणजे एक निवृत्त पोलीस अधिकारी तिच्यासमोर बसलेला असताना दिव्याचा उजेड हलतो आणि तो माणूसही ते पाहतो. खून कुणी केला, माणिक कुठे आहेत, हे पुढचं. प्रेक्षकाचा श्वास सुटतो तो ‘दुसऱ्या कुणीतरी दिवा मंद होताना पाहिला’ या जागी. पुढे या नाटकावर दोनदा चित्रपट निघाले, 1944 च्या चित्रपटासाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं, आणि समोरच्याला त्याच्याच मनाविषयी संशय घ्यायला लावण्याला ‘गॅसलायटिंग’ म्हणतात ते यावरूनच. मेरियम-वेब्स्टर शब्दकोशाने 2022 सालचा शब्द म्हणून तोच निवडला. एका दिव्याच्या वातीएवढ्या तपशिलातून जगाला हवा असलेला शब्द मिळाला, कारण तो अनुभव सगळीकडे होता आणि त्याला नाव नव्हतं.

मला हे नाटक का लागलं ते सांगते. माझी एक आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली होती. तिची हिरव्या रंगाची लोखंडी ट्रंक कॉटखाली सरकवलेली असायची. कुलूप ती नेहमी असं लावायची की किल्लीचं भोक बाहेरच्या बाजूला यावं, म्हणजे वाकून किल्ली घालायला सोपं. एक दिवस ती म्हणाली, कुलूप उलटं आहे, भोक आतल्या बाजूला आलंय. ‘तूच घाईत लावलं असशील,’ सगळे म्हणाले. काही महिन्यांनी पुन्हा तेच. मग ती सारखीच सांगू लागली आणि घरात तिच्या मागे कपाळावर बोट फिरवून दाखवायची पद्धत पडली. मी तेव्हा नववीत होते. मीही हसले आहे. दोन वर्षांनी एका लग्नासाठी तिच्या पाटल्या काढल्या. फडक्यात बांधलेल्या, तशाच जडशीळ. पॉलिशला दिल्या तर सराफाने कसोटीवर घासून सांगितलं, पितळेच्या आहेत. घरातल्याच एका माणसाने सवडीने बदलल्या होत्या. पुढे पुष्कळ आरडाओरडा झाला, पण आत्याला ‘तुझं बरोबर होतं’ असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. ती स्वतः एवढंच म्हणाली, ‘कुलूप उलटं होतं.’

कॉलेजात असताना मी ते नाटक वाचलं. दिवा मंद होण्याच्या जागी पोचले आणि मला लंडन दिसलंच नाही, कॉटखालचं ते कुलूप दिसलं. माझा अनुभव असा की या कथांच्या पक्क्या वाचकाच्या मागे बहुतेक वेळा असं एखादं उलटं कुलूप असतं. कुठेतरी आपण बरोबर पाहिलं होतं आणि आपल्याला गप्प केलं गेलं. किंवा, हे कबूल करायला जड जातं, कुणीतरी बरोबर पाहिलं होतं आणि आपण हसलो होतो.

त्याच 1938 साली इंग्लंडात डाफ्ने द्यू मॉरिए हिची ‘रिबेका’ ही कादंबरी आली. (आपले रत्नाकर मतकरीही त्याच वर्षी जन्मले, हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.) वातावरण म्हणजे काय हे शिकवायला मी नवीन लेखकांना हीच कादंबरी वाचायला सांगते. एक लाजरीबुजरी मुलगी श्रीमंत विधुराशी लग्न करून त्याच्या समुद्राकाठच्या मोठ्या घरात येते. पहिल्या बायकोचं नाव पुस्तकाच्या शीर्षकातच आहे. ही नवी, जी सगळी गोष्ट सांगते, तिचं नाव मात्र अखेरपर्यंत कळत नाही. भूत कुठेही नाही. पावसात जाताना कुणीतरी तिला घरातला एक रेनकोट देतो. तो तिला लांब होतो, खांद्यांतही सैल पडतो. खिशात हात घालते तर एक चुरगळलेला रुमाल निघतो, त्यावर लिपस्टिकचा पुसट डाग आणि नावाचं अक्षर. झालं. त्या लांब बाह्यांवरून तिला पहिलीची उंची कळते, खांदे कळतात आणि आपलं माप कळतं. यात भीतीदायक म्हणावं असं एक अक्षर नाही, आणि तरी अंगावर काटा येतो.

मराठी वाचकाला ही जागा इंग्रज वाचकापेक्षाही खोल लागते असं मला वाटतं. ‘दुसरेपणावर दिलेली’ हा शब्दच आपल्याकडे आहे. पितृपक्षात अविधवा नवमीला सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, तर दुसरेपणावर आलेल्या बाईला पहिलीच्या नावाने स्वयंपाक करावा लागतो. पहिलीला काय आवडायचं ते सासूकडून विचारून, पहिलीच्या हाताच्या भांड्यांत. हे करताना त्या बाईच्या मनात काय येत असेल? या प्रश्नात अख्खी कादंबरी बसली आहे, आणि माझ्या टेबलावर ती अजून कुणी आणून ठेवलेली नाही. ‘रिबेका’वरून हिंदीत 1964 साली ‘कोहरा’ आला. त्यात घरावर राज्य करणाऱ्या त्या जुन्या दाईचं काम आपल्या ललिता पवारांनी केलं, आणि त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या तरी खोलीतली हवा बदलते.

लेखकांनी ध्यानात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरचं ते ओलं धुकं, ती झाडी, तो समुद्र हे सगळं लेखिकेने लिहायला घेतलं ते इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाच्या उकाड्यात. नवरा सैन्यात होता, त्याची नेमणूक तिथे होती आणि हिचा जीव घरी कॉर्नवॉलमध्ये अडकलेला. शिवाय नवऱ्याचं आधी जिच्याशी लग्न ठरलं होतं तिच्याविषयीचा सल मनात होताच. भरताच्या त्या 33 भावांच्या यादीत शंका आणि असूया शेजारी शेजारी आहेत, ते काही उगीच नाही. सांगायचा मुद्दा, धुकं खिडकीबाहेर असावं लागत नाही. पात्राची नजर कशावर खिळते, वातावरण तिथून येतं.

घर हीच या कथांची हक्काची जागा का, याचं उत्तर मला मनोविश्लेषक फ्रॉइडच्या 1919 सालच्या एका निबंधात सापडतं. त्याच्या जर्मन भाषेत ‘घरगुती, ओळखीचं’ असा अर्थ असलेल्या शब्दालाच ‘लपवून ठेवलेलं’ असाही अर्थ आहे, हे त्याने दाखवलं. अनोळखी रानात वाटते ती भीती वेगळी आणि ओळखीच्या माजघरात वाटते ती वेगळी. फ्रॉइडची सगळी मतं मला पटत नाहीत, पण हे निरीक्षण पटतं. मराठीत या दोन भीतींचे दोन रस्ते सरळ दिसतात. नारायण धारपांच्या पुष्कळ कथांत अनिष्ट बाहेरून येतं, आणि त्याच्याशी दोन हात करायला ‘समर्थ’ या त्यांच्या पात्रासारखा कुणी जाणता उभा राहतो. मतकरींच्या अनेक कथांत जाणता कुणी येत नाही, आणि जे काही आहे ते मध्यमवर्गीय घराच्या जेवणाच्या टेबलाशी बसलेलं असतं. मी दोघांवर वाढले. पण तुमचं वर्णन वाचून तुमचा रस्ता दुसरा आहे हे नक्की.

आता लिहिण्याकडे वळू. काही वर्षांपूर्वी एका नवख्या लेखिकेची चौदा पानांची कथा आली होती. एकटी राहणारी साठीची बाई. पहिल्या आठ पानांत वीज जाणं, खिडक्या आपटणं, मांजराचं रडणं, जिन्यात सावली, सगळं साग्रसंगीत होतं आणि मला जांभया येत होत्या. नवव्या पानावर एक ओळ आली. बाई महिनाअखेरीस दुधाचा हिशेब करायला भिंतीवरचं कॅलेंडर काढतात. त्या रोज अर्धा लिटर घेतात आणि तारखेच्या चौकोनात तसं लिहून ठेवतात. नऊ तारखेपासून पुढे प्रत्येक चौकोनात एक लिटर लिहिलंय. अक्षर त्यांचंच आहे.

मी लेखिकेला फोन करून म्हटलं, पहिली आठ पानं काढून टाक आणि इथून सुरू कर. ती हिरमुसली, पण तिने चार वेळा कथा नव्याने लिहिली. छापलेल्या कथेत पहिल्याच पानाच्या शेवटी बाई सकाळी दूधवाल्याला दारात थांबवून विचारतात, तेव्हा तो म्हणतो, ‘काकू, तुम्हीच सांगितलंत ना, पाहुणे आलेत म्हणून.’ त्या वर्षी वाचकांची सगळ्यांत जास्त पत्रं त्या कथेला आली.

ही ओळ का चालली त्याचा मी खूप विचार केलाय. कॅलेंडर प्रत्येक घरात असतं, दुधाच्या खुणा प्रत्येक घरात असतात, म्हणजे वाचक उठून आपल्या भिंतीकडे बघू शकतो. अक्षर स्वतःचं असल्यामुळे बाईंना दुसऱ्या कुणावर आळ घेता येत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दोन स्पष्टीकरणं सारख्याच वजनाने उभी राहतात. एकतर बाई विसरत चालल्या आहेत, नाहीतर घरात खरंच कुणीतरी अर्धा लिटर दूध पितंय. पुढची प्रत्येक घटना दोन्ही पारड्यांत घालता आली पाहिजे. कामवाली म्हणते, ‘काल तुम्ही कुणाशी बोलत होता?’ हे विसरण्याच्या पारड्यातही बसतं आणि दुसऱ्याही. ज्या क्षणी एक पारडं जमिनीला टेकतं, त्या क्षणी शंका संपते. मग उरते ती एकतर दुखण्याची गोष्ट नाहीतर भुताची. दोन्ही चांगल्या असू शकतात, पण तुम्हाला हवी ती त्यांत नाही. म्हणून तराजू जितका उशिरा झुकेल तितकं बरं.

सांगणारा माणूस खोटं बोलणारा असेल तर काय, तेही सांगते. त्याने लपवावं, वाचकाला फसवू नये. लपवणं म्हणजे एखाद्या गोष्टीवरून भरकन पुढे जाणं, भलत्याच गोष्टीवर जास्त वेळ रेंगाळणं, न विचारता खुलासे देणं. माणसं खऱ्या आयुष्यात असंच खोटं बोलतात. पुस्तक संपल्यावर वाचक मागे गेला तर त्याला प्रत्येक खूण जागच्या जागी सापडली पाहिजे. दोन ओळींमध्ये त्याने केलेला खून लेखकाने दडवला आणि शेवटी टाळी मागितली, तर ती मी देत नाही.

आणि शेवटाबद्दल माझं मत कडक आहे. ‘ती मुळात वेडीच होती’ हा शेवट मी वर्षाला दहा-बारा वेळा परत पाठवते. एकतर ज्यांना खरोखर मानसिक आजार आहेत त्यांच्या वाट्याला यातून फक्त भीती येते, समज येत नाही. शिवाय तीनशे पानं वाचक त्या बाईच्या शंकेसोबत बसला, तिचं ऐकलं, आणि शेवटच्या पानावर लेखक तिला सांगतो की तुझ्या मनाचे खेळ होते. म्हणजे घरच्यांनी जे केलं तेच लेखकाने केलं. शेवट उघडा ठेवा, अर्धा मिटवा, तिला चुकलेलीही दाखवा, पण ती का चुकली, तिला तसं दिसायला घरात काय काय घडत होतं, याचा हिशेब द्या.

मनाला अपाय होतो का, हा तुमचा दुसरा प्रश्न. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी मुद्दाम घाबरवण्यासाठी उभारलेल्या भयगृहात शिरणाऱ्या लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले होते, 2020 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. भीती अगदी थोडी वाटली तर मजा आली नाही, फार वाटली तरी आली नाही. मधल्या टप्प्यात मजा होती. आपल्या आयांनी तिखटाबद्दल हेच सांगितलंय. तुमचा मधला टप्पा तुम्हालाच ठाऊक. पहाटेपर्यंत वाचून सकाळी कॅश काउंटरवर डोळे मिटत असतील तर तो जागरणाचा अपाय, कथेचा नव्हे, आणि त्यावर उपाय म्हणजे शनिवारची रात्र. मात्र काही काळ असे असतात की तेव्हा या कथा बाजूला ठेवाव्यात. माझे वडील गेले त्यानंतर वर्षभर मला दाराची कडी वाजलेली वाचवत नव्हती. कामापुरत्या कथा वाचल्या, आवडीने एकही नाही. बाळंतपणानंतरचे महिने, झोप उडालेले दिवस, किंवा आपल्याविषयी सगळे काहीतरी कुजबुजताहेत असं खरोखरच वाटत असेल ते दिवस, अशा वेळी पुस्तक मिटावं आणि डॉक्टरांकडे जावं. एरवी मी याला अपाय म्हणणार नाही. शंका मनात असतेच. ती पुस्तकात ऐकली जाते तेव्हा काहीशी शांत होऊन झोपते.

घरातलं कुणी म्हातारं माणूस ‘माझ्या वस्तू कुणीतरी हलवतं’ असं सांगू लागलं, तर मी आता आधी उठून वस्तू पाहून येते. स्मृती जात असेल तर त्यावरचे उपचारही लवकर सुरू झालेले बरे असतात, आणि कुलूप उलटं असेल तर तेही तेव्हाच कळतं.

आता तुमचं पहिलं पान. रात्रीचे बारा, कोकणातला वाडा, वीज गेलेली, टिटवी ओरडते, दूर समुद्राची गाज, कंदिलाच्या उजेडात लांबलेली सावली. यातल्या एकाही गोष्टीशी तुमच्या नायिकेचा खास असा काही संबंध नाही. टिटवी तिच्यासाठी ओरडत नाहीये, आधीच्या शंभर कथांमध्ये ओरडली म्हणून ओरडतेय. पण सोळाव्या ओळीत तुम्ही लिहिलंय, ‘झोपण्याआधी मी खिडकीची कडी लावली होती, असं मला वाटतं.’ आणि लगेच पुन्हा समुद्राच्या गाजेकडे वळलात. ‘असं मला वाटतं’ हे तीन शब्द तुमच्या हातून बहुतेक नकळत पडले असावेत. तुमची कथा त्या तीन शब्दांत आहे. ती बाई कडी रोज स्वतः लावते का? आज लावताना मनात दुसरं काय चाललं होतं? तिला ‘लावली होती’ एवढंच म्हणून का थांबता आलं नाही, तिच्या आठवणीवर याआधी कोण हसलंय? आधीच्या पंधरा ओळी काढून टाका, कंदील मालवा, हवं तर वाड्याऐवजी तुमच्याच बिल्डिंगमधला दुसरा मजला घ्या. त्या खिडकीपासून सुरुवात करून पाच पानं लिहा आणि पाठवा. कडीची नेमकी बनावटही लिहा, उभी आहे की आडवी, गंजलेली आहे का, लावताना आवाज येतो का. तो आवाज मला पुढे कुठेतरी लागणार आहे.